तात्यांचं डावं टायर

बबनतात्या आधी आपल्या गाडीला भेटतात, मग आपल्याला. पाहुणा चपला काढतोय तोवर हे फाटकाबाहेर उकिडवे बसून त्याच्या टायरवरून तळवा फिरवत असतात. मग आत येऊन निकाल देतात, "पाव्हणं, हवा जास्त भरताय. मधूनच खाल्लंय."

तात्या मूळचे निघोजचे, आता निगडी प्राधिकरणात माझे शेजारी. सत्तरीत त्यांनी दोन सिटांची लाल स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा अख्ख्या गल्लीने तोंडात बोटं घातली. त्या बुटक्या गाडीत आधी टोपी शिरते, मग तात्या. पण टायरमधलं त्यांना जे कळतं, त्याला माझा सलाम आहे. माझ्या गाडीला एकदाच हात लावून म्हणाले, "राव, ब्रेक लय आवळून मारता तुमी." हे वाक्य आमची बायको अजून लोकांना ऐकवते.

अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीचं पुढचं डावं टायर मात्र बाहेरच्या कडेने झिजायचं. नवं घातलं, तेही तसंच. गल्लीत चेष्टा सुरू झाली.

"अलाइनमेंट करून घ्या की," मी म्हणालो.

"अलाइनमेंट टकाटक हाय."

"मग मागचं पुढे घाला."

"मापं येगळी हायेत," म्हणाले आणि चक्क पावसापाण्याचं बोलू लागले. टायरचा विषय तात्यांनी स्वतःहून सोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

परवा संध्याकाळी कामावरून लवकर परतलो, तर आमच्या कोपऱ्यावरच्या चौकात ती लाल गाडी दिसली. मधल्या बागेभोवती गोल गोल फिरत होती, थांबायचं नावच नाही. स्टिअरिंग अडकलं की काय, या भीतीने मी हात केला. तात्या थांबले. शेजारच्या सीटवर त्यांची बायको, आमच्या काकू, केसांत गजरा, चेहरा खुललेला. काकूंना हल्ली फारसं काही आठवत नाही. कित्येक दिवसांत मला त्या बाहेर दिसल्या नव्हत्या.

"गाडीची हौस तिलाच," तात्या हळूच म्हणाले. "पण घर दिसंनासं झालं की घाबरती, रडाया लागती. हितनं दिसतंय, म्हून रोज हितंच."

खरंच, चौकातून त्यांच्या गच्चीचा कठडा दिसत होता. बागेभोवती फिरताना चाक सतत उजवीकडे वळलेलं आणि सगळा भार डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेवर. हे तात्यांना कळत नव्हतं थोडंच!

"चला की वो," काकू आतून म्हणाल्या, "किती येळ हुबं करताय?"

"व्हय व्हय, निघालो," म्हणत तात्यांनी गाडी पुन्हा उजवीकडे घेतली.