प्रतिनियुक्तीवरची करवंदी

माझ्या स्मरणशक्तीवर माझा फारसा भरवसा उरलेला नाही, त्यामुळे वार चुकत असेल. पण आमच्या अंगणात करवंदीची जाळी तीन वर्षांच्या प्रतिनियुक्तीवर रुजू झाली तो बहुधा मंगळवार होता. सोबत डोंगर कचेरीतले शेलार होते. त्यांनी पायरीवर उभं राहून आदेश वाचला. जाळी मूळची गावामागच्या पठारावरची, बारमाही हिरवी, स्वभावाने काटेरी. उन्हाळ्यात पाणी घालायचं नाही. दरवर्षी ती घरमालकाचा गोपनीय अहवाल लिहील. शेरा चांगला पडला तर मुदतीनंतर इथेच कायम होईल, नाहीतर परत जाईल.

अर्ज मी प्रमिलेसाठी केला होता. तिचं माहेर त्या पठाराच्या पायथ्याशी. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तिला चढण बंद झाली होती. दर वैशाखात ती खिडकीतून डोंगराकडे बघायची आणि "आता पिकली असतील," एवढंच म्हणायची.

पहिली दोन वर्षं फळ धरलं नाही. माझा शेरा 'मध्यम' होता, आणि तो मला योग्य वाटला. तिसऱ्या वर्षी पांढरी फुलं आली, मागोमाग हिरवी करवंदं लागली, आणि मी घाबरलो. एका दुपारी तांब्या घेऊन बाहेर गेलो.

"सर," जाळी म्हणाली, "काल अर्धा होता. आज भरलेला आहे."

"पानं जरा मलूल वाटली."

"चैत्रात ती अशीच दिसतात. आपला विषय कुठला होता?"

"मृदाशास्त्र. चाळीस वर्षं शिकवलं."

"असं होय," जाळी म्हणाली. हे बोलणं मला बरेच दिवस लागून राहिलं.

ओट्यावरून प्रमिला ओरडली, "अहो, डॉक्टरेट झाली, आता एका झाडाला एकटं सोडायला शिका!"

मी शिकलो नाही. वैशाख लागताच शेलार फाइल घेऊन आले.

"सात तांबे," ते म्हणाले. "परत न्यावी लागेल."

"अहो, पण अजून हिरवी आहेत हो," प्रमिला म्हणाली. तो आवाज मात्र मला नेमका आठवतो.

शेलारांनी चष्मा पुसला, पानं उलटली. "एक तरतूद आहे. वर हिची जागा रिकामी आहे. फळं पिकेपर्यंत घरमालकाने तिथे उभं राहायचं. पाणी न घालताही निभतं हे त्यांना पटलं, तर शेरा बदलता येतो."

"यांना उभं करणार? उन्हात टोपी विसरले तरी डॉक्टरांना फोन करतात हे!"

"मी जातो," मी म्हणालो. माझा माझ्यावर विश्वास बसला नाही.

"सर," जाळी म्हणाली, "डाव्या हाताला धामणीचं बीळ आहे. तिथे पाय देऊ नका."

पठारावर माझ्या दोन्ही बाजूंना जुन्या जाळ्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझं शिक्षण विचारलं. पुन्हा तो विषय निघाला नाही. मी नीट उभा आहे ना, असं मी अधूनमधून विचारायचो. "सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं," उजवीकडची म्हणायची. पाणी कुणी घातलं नाही. निभलं. वरून आमची लाल कौलं दिसायची, पण अंगण दिसायचं नाही.

चोवीस दिवसांनी शेलार धापा टाकत वर आले. हातात स्टीलचा डबा होता. "पिकली. ताईंनी पाठवलीत." मी उभ्यानेच खाल्ली. शेजारणींना विचारलं, त्यांनी नको म्हटलं.

जाळी कायम झाली. माझा शेरा 'सुधारणा दिसते' असा पडला. एक शंका तेवढी राहिली: तेवढ्या उन्हात एकही करवंद सुकलं कसं नाही? प्रमिलेला विचारलं की ती चहा टाकायला उठायची.

नऊ वर्षांनी, माहितीच्या अधिकारात, अहवालाची नक्कल हाती आली. त्या वैशाखाच्या पानावर जाळीच्या सरळ अक्षरात एकच नोंद होती: 'ताई रोज एक तांब्या पाणी घालतात. तक्रार नाही.'