टिपणीसांच्या मागे आलेलं घर

सांता ब्रिहिदा नावाच्या मेक्सिकोतल्या जुन्या गावातलं एक पिवळं घर विनायक टिपणीसांच्या मागोमाग निघालं आणि घाटापर्यंत आलं. पहिल्या वळणावर बसच्या ड्रायव्हरने आरशात पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि मैथिलीला सांगितलं, "मागे घर आहे. पुढे जायचं असेल तर जाऊ दे." घराला पुढे जायचं नव्हतं. तेही कडेला घेऊन थांबलं.

मैथिली ही डोंबिवलीहून आलेल्या या मंडळींची टूर मॅनेजर. तिला स्पॅनिश येत होतं. ती खाली उतरली, घराभोवती एक चक्कर मारून आली आणि बसच्या पायरीवरून म्हणाली, "टिपणीस काका, तुम्ही या घराशी काही बोललात का?"

टिपणीस कानकोंडे झाले. सांता ब्रिहिदात त्यांचा मुक्काम चांगला लांबला होता. स्पॅनिश लोकांनी वसवलेलं ते टुमदार गाव, गुलाबी दगडाचं चर्च, कमानींखाली हारीने मांडलेली दुकानं. त्यांच्या पत्नी सुलभाताई मातीच्या भांड्यांतून शालींत आणि शालींतून रंगीत लाकडी प्राण्यांत शिरायच्या, आणि टिपणीस पिशव्या सांभाळत समोरच्या पिवळ्या घराच्या पायरीवर बसायचे. भिंत उन्हाने छान शेकलेली असायची. तिला पाठ टेकली की कंबरेला आराम पडायचा. आणि कंबरेला आराम पडला की माणूस बोलायला लागतो.

"काय बोललात?" सुलभाताईंनी विचारलं.

"आपली इमारत पाडली, त्याबद्दल."

"भिंतीशी?"

"मराठीत बोललो गं. मला वाटलं, तिला काय कळतंय."

तेवढ्यात स्कूटरवरून नगरपालिकेचे सिन्योर बार्रागान आले. त्यांनी टोपी काढली, भिंतीला कान लावला, मान डोलावली आणि टोपी पुन्हा घातली. ते बोलत गेले आणि मैथिली मराठीत सांगत गेली.

"घराचं म्हणणं आहे की या गृहस्थांना घर नाही. आमचा नियम साधा आहे. ज्याला घर नाही, त्याच्या मागे घराला जाता येतं. ज्याला आहे त्याच्या मागे गेलं, तर तो उनाडपणा. तेव्हा सांगा, तुम्हाला घर आहे?"

"सध्या भाड्याने राहतो," टिपणीस म्हणाले.

"ते मालकाचं झालं."

"नवीन मिळणार आहे," सुलभाताई मध्ये पडल्या. "बाविसाव्या मजल्यावर."

"कधी?"

"बिल्डर म्हणतो, दिवाळीला."

दिवाळी म्हणजे काय हे मैथिलीने समजावलं. बार्रागानांनी विचार केला. "कुठल्या दिवाळीला?"

बसच्या खिडक्यांतून मंडळी ऐकत होती. त्यातल्या बऱ्याच जणांच्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटला गेल्या होत्या. एकेकाने नजर दरीकडे वळवली.

"मग घराचं बरोबर आहे," बार्रागान म्हणाले.

त्यावर घराची खिडकी धाडकन उघडली आणि एक म्हातारी बाई बाहेर डोकावली. कोपरापर्यंत हात मेणाने माखलेले. या एल्विराबाई, त्या घरात मेणबत्त्या बनवायच्या. "मलाही कुणी विचारणार आहे का?" त्या म्हणाल्या. "घर निघालं त्याबद्दल माझी तक्रार नाही. हा घाट मी पहिल्यांदाच बघतेय, सुरेख आहे. पण आज देवीचा सण. मिरवणूक दारोदार थांबते. दार उघडून मेणबत्ती लावली की पुढच्या दारी. माझं दारच नसेल तर ती पुढे सरकणार कशी?"

हे मात्र गंभीर होतं. एल्विराबाईंच्या पुढे अख्खी गल्ली दारं उघडायची वाट बघत बसली असणार. पुढच्या गावचा सण याहून मोठा, असं माहितीपत्रकात छापलं होतं म्हणून मंडळी ऐन सणाच्या दिवशी निघाली होती. आता सगळ्यांना अपराधी वाटायला लागलं. बार्रागानांनी घराला पुष्कळ समजावलं. घर हललं नाही.

टिपणीस जाऊन पायरीवर बसले. "बाबा रे," ते भिंतीला म्हणाले, "मी सहज बोललो. एवढं मनावर घ्यायचं नसतं."

सुलभाताई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मला का नाही सांगितलंत?"

"तू नव्या फ्लॅटच्या नकाशावर खूश होतीस. कशाला विरजण घालायचं?"

"मी खूश?" सुलभाताई म्हणाल्या. "तो नकाशा उघडून मी बघायचे, आपली जुनी गॅलरी त्यात कुठे बसते का. नाही बसत हो. तुळशीची कुंडीसुद्धा नाही बसत."

टिपणीस थोडे सरकले. सुलभाताई शेजारी बसल्या, त्यांनीही भिंतीला पाठ टेकली. "खरंच उबदार आहे," त्या म्हणाल्या. मग दोघं जुन्या घराबद्दल बोलत राहिले. पाण्याचा पंप बंद पडायचा त्याबद्दलही. बसमधल्या लोकांनी चहासाठी मैथिलीच्या मागे लावलेला धोशा सोडला आणि खिडक्यांचे पडदे ओढून घेतले.

इतक्यात खालच्या रस्त्यावरून ट्रम्पेट ऐकू आले. दार सापडत नाही म्हटल्यावर मिरवणूक दाराच्या शोधात निघाली होती. पुढे बँड, मध्ये झेंडूने मढवलेली देवीची पालखी, मागे सगळं गाव. फटाके उडवत मंडळी घाट चढून आली आणि घरासमोर थांबली.

एल्विराबाईंनी खिडकीतून एक मेणबत्ती पुढे केली. "ज्यांच्यासाठी घर आलंय, त्यांनी दार उघडावं."

टिपणीस आणि सुलभाताई मागच्या दाराने आत गेले. मेणाचा गोड वास होता. पुढच्या दाराची कडी जरा घट्ट होती. दोघांनी मिळून जोर लावला, दार उघडलं, आणि बाहेर एकच जल्लोष झाला. सुलभाताईंनी मेणबत्ती लावली, चुकून औक्षणही केलं. देवीने काही हरकत घेतली नाही. पालखी वळली आणि पुढच्या दारासाठी गावाकडे उतरू लागली.

"पुढच्या सणापर्यंत घर मोकळं आहे," बार्रागान म्हणाले. "रिकाम्या जागेवर आम्ही पताका लावू." त्यांनी स्कूटर सुरू केली.

घरही सुरू झालं. ते बसला वळसा घालून पुढे झालं आणि मैथिलीने ड्रायव्हरला त्याच्या मागे राहायला सांगितलं. आत एल्विराबाईंनी चॉकलेट उकळत ठेवलं. सुलभाताईंनी स्वयंपाकघर निरखून पाहिलं, म्हणाल्या, "ओटा जरा बुटका आहे, पण उजेड छान."

घाट संपल्यावर नाक्यावर घर थांबलं. उजवीकडे माहितीपत्रकातलं गाव होतं, डावीकडे समुद्र.

"एल्विराबाई, समुद्र पाहिलाय?" टिपणीसांनी हातांनी लाटा करून विचारलं. एल्विराबाईंनी मान हलवली. पाहिला नव्हता.

टिपणीसांनी डावीकडच्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि मागच्या बसला वळायची खूण केली.