बाक फक्त दिवंगतांसाठी

ही हकीकत दोन हजार बावीस सालची. रत्नागिरीतल्या एका आळीच्या बागेत उंडीच्या झाडाभोवती चिऱ्यांचा पार होता. आनंदीबाई आणि त्यांची मैत्रीण काशी रोज संध्याकाळी त्यावर टेकत आणि आमसुलं वाळली का इथपासून कुणाची सून दापोलीला माहेरीच का राहिली इथपर्यंत सारं निकालात काढत. त्या वर्षी बागेचं सुशोभीकरण निघालं. पार शोभत नाही असं बागेच्या समितीने ठरवलं आणि तो फोडला.

त्या जागी बाक येणार होते. मात्र ते फक्त दिवंगतांच्या स्मरणार्थ स्वीकारले जातील, असा नियम झाला. मुंबईतल्या मुलांनी भराभर बाक पाठवले. आनंदीबाई एकावर टेकतात तोच मागून कुणी म्हणालं, "आजी, उठा. आमचे अण्णा आहेत ते."

भावना दुखावल्याच्या तक्रारी समितीकडे गेल्या. गुडघे दुखल्याची तक्रार घ्यायची सोय नव्हती. लगेच फलक लागला : दिवंगतांच्या नातेवाइकांखेरीज कोणी बसू नये. नातेवाईक मुंबईत होते. बाक रिकामे राहिले आणि बाग स्वच्छ दिसू लागली.

"यजमानांच्या नावानं दे की गो एक," काशी म्हणाली.

"जन्मभर त्यांच्यापुढे उभी राहिल्ये. आता त्यांच्यावर बसू?"

आनंदीबाई समितीचे चिटणीस नितेश यांच्याकडे गेल्या. "बाक मी देत्ये. माझ्याच नावाचा."

"काकू, तुम्ही हयात आहात."

"ते ठाऊक आहे मला."

"मग नियमात बसत नाही."

"नियमात कोण बसतंय मेल्या? मला बाकावर बसायचंय."

नितेश यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि प्रकरण प्रलंबित ठेवलं.

रात्री मुलाचा, हर्षदचा, मुंबईहून फोन आला. "आई, तू काळजी करू नकोस. तुझा बाक ग्रॅनाइटचा करू. बागेत सगळ्यांत मोठा."

"कधी?"

हर्षद ग्रॅनाइटचे रंग सांगू लागला.

पुढच्या थंडीत आनंदीबाई गेल्या, आणि प्रकरण त्याच आठवड्यात मंजूर झालं. नितेश आता समितीचे अध्यक्ष आहेत. हर्षद अनावरणाला आला, फोटोपुरता बाकावर बसला आणि रात्रीच्या गाडीने परतला. काशी नात्यातली नसल्याने बाकाशेजारी जमिनीवर बसते. जमिनीबद्दल अजून नियम झालेला नाही.

बाग फार सुंदर झाली आहे. कधी आलात तर उभ्याने पाहून जा. येताना आईलाही आणा. दगड तिच्या पसंतीचा घेता येईल.