खिडकी निवड समिती

कवठे येमाई येथील सोपानराव यांच्या नियोजित बंगल्यास कोणत्या पद्धतीच्या खिडक्या बसवाव्यात, याचा विचार करण्यासाठी रविवारी सकाळी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा भरली. बांधकाम लिंटेलपर्यंत, म्हणजे दारा-खिडक्यांच्या माथ्यापर्यंत, आलं होतं. भिंतींत खिडक्यांसाठी चौकोन मोकळे सोडले होते आणि त्यांतून वारा, धूळ व शेजारच्या कोंबड्या विनापरवाना ये-जा करत होत्या.

सोपानराव बरीच वर्षं गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन होते. मागच्या निवडणुकीत पद गेलं, सवय मात्र राहिली. घरात कुकर घ्यायचा झाला तरी त्यांना सूचक आणि अनुमोदक लागत. थोरल्या लेकीचं लग्नसुद्धा त्यांनी एकमताने मंजूर केलं होतं. तेव्हा खिडकीसारखी गंभीर बाब ते एकट्याच्या अंगावर घेतील, हे शक्यच नव्हतं.

समितीत तिघे होते. शिरूरहून आलेला इंजिनिअर सत्यजीत, सणसवाडीच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासणारा पुतण्या सार्थक आणि निवृत्तीनंतर मोबाईलवर वास्तुशास्त्र शिकलेले कोंडिबा मास्तर. सोपानरावांची बायको सोजराबाईही तिथेच होती, पण ती चहा करत होती, म्हणून तिला गणसंख्येत धरलं नव्हतं.

खरं म्हणजे सगळ्या बंगल्यात तिला एकच खिडकी हवी होती, स्वयंपाकघराची. पाडलेल्या जुन्या घरात ओट्यासमोर दोन फळ्यांची खिडकी होती आणि ती पूर्वेला चुलतजाऊ भामाबाईच्या अंगणात उघडायची. भामाबाईचा नवरा म्हाळू, म्हणजे सोपानरावांचा चुलतभाऊ. त्यानंच सोपानरावांना निवडणुकीत पाडलं होतं. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. बायकांचं मात्र खिडकीतून चालू होतं. साखरेची वाटी जायची, कढीपत्ता यायचा, कुणाची म्हैस व्याली, कुणाची लेक माहेरी आली, सगळं त्या खिडकीतून कळायचं. म्हाळूच्या पोटात नेमकं काय शिजतंय, हे सोपानरावांनाही त्याच वाटेनं समजत असे. मात्र आपली माहिती खात्रीलायक सूत्रांकडून येते, असं ते गावात सांगत.

सत्यजीतनं मोबाईलवर नमुने दाखवले. सरकती खिडकी, दारासारखी उघडणारी, वरून झुलणारी आणि बंद काचेची. सार्थकनं एकेकीला हाती घेतलं.

"काका, सरकत्या खिडकीच्या खाचंत धूळ बसती. बाहेर उघडायची म्हणलं तर जाळी आडवी येती, आत उघडायची तर पडदा. आमच्या कंपनीत एकच नियम हाय. ज्यात हलणारा पार्ट न्हाई, त्याला रिजेक्शन न्हाई."

"म्हंजी बंदच बरी?" सोपानरावांनी विचारलं.

"टेक्निकली, खिडकी उघडली की सगळे प्रॉब्लेम सुरू होतात," सत्यजीत म्हणाला.

सोजराबाईनं कप खाली ठेवले. "माझ्या ओट्याम्होरची तरी उघडंल ना?"

"तू चहा आण," सोपानराव म्हणाले. "ही तांत्रिक बाब हाय."

चहा तिनं आणलेलाच होता, पण ती पुन्हा चुलीकडं गेली.

पूर्वेच्या खिडकीवर सभा तापली. तिथं खिडकी हवीच, नाहीतर घरात लक्ष्मी टिकत नाही, असं मास्तरांचं म्हणणं पडलं. म्हाळूच्या अंगणाकडं आपली खिडकी उघडली तर आपण त्याच्या तोंडाकडं बघतो असं दिसेल, असं सोपानरावांचं. बरं, खिडकी ठेवलीच नाही तर सोपान घाबरला, असं गाव म्हणणार. अखेर समितीनं सर्व बाजूंचा साकल्यानं विचार करून सुवर्णमध्य काढला: पूर्वेला खिडकी ठेवावी, ती म्हाळूच्या खिडकीपेक्षा मोठी असावी आणि ती उघडू नये.

"मला काय बोलायचं हाय," सोजराबाई म्हणाली.

"विषयपत्रिकेवर हाय का?"

"न्हाई."

"मग ऐनवेळच्या विषयांत घिऊ."

ऐनवेळचे विषय आले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती, आणि जेवायला सोजराबाईच वाढत होती.

काच कोणती घ्यायची, हे ठरवण्यासाठी समितीनं दौंडला अभ्यास दौरा काढला. तिथं एका व्यापाऱ्याचा नवा बंगला फार नावाजलेला होता. वाटेत मटण झालं, पान झालं. पोचल्यावर कळलं, मालक परगावी गेलेत, फाटकाला कुलूप आहे. समितीनं रस्त्यावरूनच अभ्यास केला. काच निळसर होती आणि इतकी लख्ख की तिच्यात गाडी, रस्ता आणि समिती स्पष्ट दिसत होती. सोपानरावांनी टोपी सरळ केली. डोक्यावर आकाश आणि मागे स्कॉर्पिओ, असे ते स्वतःला प्रथमच दिसले. मास्तरांनी मिशीवरून बोट फिरवलं, सत्यजीतनं गॉगल काढून पुन्हा लावला.

"हीच," सोपानराव म्हणाले.

खिडकी आतून कशी दिसते, हे बघायचं राहिलं. पण आतून बघणं दौऱ्याच्या कार्यकक्षेत येतच नव्हतं.

बंगला झाला, वास्तुशांत झाली. पाहुण्यांनी काचेसमोर उभं राहून फोटो काढले. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा घरातलं सगळं बाहेर दिसू लागलं, म्हणून समितीनं तातडीनं पडदे मंजूर केले. स्वयंपाकघरात फोडणीचा ठसका घुमायचा. त्यावर सार्थकनं चिमणी सुचवली, आणि चिमणीच्या आवाजात सोजराबाईची हाकही कुणाला ऐकू येईना.

एके दिवशी सकाळी भामाबाई हातात वाटी घेऊन सवयीनं खिडकीखाली आली. सोजराबाईला ती हाताच्या अंतरावर दिसत होती. तिनं काच वाजवली, हाका मारल्या. जाड दुहेरी काच, बाहेर काही जाईना. भामाबाईला काचेत फक्त भामाबाई दिसली. तिनं पदर सारखा केला, थोडं थांबली, आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत गेली. सोजराबाई पुढच्या दारानं बाहेर पडली आणि बंगल्याला वळसा घालून जावेच्या दारात गेली.

"अगं भामे, मी आतच हुते. दिसत हुतीस की मला."

भामाबाईनं सुपातून मान वर केली नाही. "दिसत हुते, तर बोलली का न्हाईस? मोठ्या घरात गेलीस बाई."

सोजराबाईनं घरी येऊन सोपानरावांना गाठलं. "अवो, ती खिडकी उघडायची करा. हात जोडते."

"मंजूर झालेला विषय पुन्हा उघडता येत न्हाई," सोपानराव म्हणाले, आणि काच कुणी खराब केली की काय, हे तपासायला बाहेर गेले.

ते ओट्यासमोरच्या काचेपुढं येऊन उभे राहिले. आतून सोजराबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. इतका वेळ, इतक्या कौतुकानं त्यांनी तिच्या दिशेनं संसारात कधी बघितलेलं तिला आठवेना. मग ती बोलायला लागली. खिडकीचं बोलली, लेकीच्या लग्नाचं बोलली, कुणी न विचारता मंजूर झालेलं सगळं आयुष्य बोलली. बोलता बोलता तिला रडू आलं. सोपानरावांनी टोपी सरळ केली, समाधानानं मान डोलावली आणि निघून गेले.

पुढं म्हाळूही त्या काचेला भुलला. आधी चार दिवस तो आपल्या अंगणात स्टूल टाकून सोपानरावांच्या काचेत बघून दाढी करत होता. मग त्यानं आपल्या स्वयंपाकघराला तशीच काच बसवली, मात्र फूटभर जास्त रुंद. आता दोन्ही खिडक्या समोरासमोर आहेत. एकीत दुसरी दिसते, दुसरीत पहिली, आणि दोन्हींच्या मागे दोघी जावा पोळ्या लाटतात. म्हाळूच्या पोटात काय शिजतंय, हे हल्ली सोपानरावांना कळत नाही. खात्रीलायक सूत्रं आटली, असं ते म्हणतात.

बंगला बघायला अजून लोक येतात. घर बांधायला काढलं असेल, तर तुम्हीही जाल. फाटकातून आत गेलात की डाव्या हाताला, पूर्वेला ती काच आहे. तिच्यासमोर तुम्ही थांबालच, सगळेच थांबतात. काचेपलीकडं एक बाई तुमच्याकडं बघून काहीतरी सांगत असेल. तुमचा भांग जरा डावीकडं सरकलाय, तेवढा नीट करा आणि निघा.