सायप्रस, दिवसातून दोनदा

लेकीच्या अंगणात सायप्रसचं रोप लावतानाच सासऱ्यांनी जावयाला अट घातली होती. "हे झाड सरळ वर जातं, जागा अडवत नाही, पाणी मागत नाही. हे नीट सांभाळलंत, तर मीही इथे राहायला येईन. नाहीतर माझं मी बघीन." शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला माणूस. वाकडी रांग त्यांना स्वप्नातसुद्धा खपत नसे.

जावई औषधांच्या दुकानात. गिऱ्हाइकांना "सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर" असं सांगण्यात त्याचा जन्म गेलेला. झाडालाही त्याने तेच लावलं.

"बाबा पाणी नको म्हणालेत ना?" बायको म्हणाली.

"म्हणायची पद्धत असते. घरात नवीन आलेलं कोणी मागतं का तोंडाने?"

झाड पिवळं पडू लागलं, तसा त्याने डोस वाढवला. मुळाशी चिखल झाला, आणि सासरे झाड बघायला यायच्या दिवशी सकाळी दोघं बघतात तर काय, झाड शेजाऱ्यांच्या भिंतीवर रेललेलं!

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "परवा ते न्हाणीघरात पडले, तेही मला त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं. आता कसले येतायत ते इथे राहायला!"

"रडू नकोस. आधीच पाणी फार झालंय."

त्याने कपडे वाळत घालायची दोरी सोडली, झाडाच्या कमरेला बांधली आणि दुसरं टोक ओढून फाटकाला आवळलं. झाड ताठ झालं. फाटक उघडत होतं रस्त्याच्या बाजूला, आणि ते उघडलं की दोरी झाडाला खाली ओढणार, संपलं सगळं. म्हणून बायकोने वडिलांना स्टँडवरून घेऊन थेट मागच्या दाराने आणायचं ठरलं. ती निघाली. जावई खिडकीशी उभा राहिला.

पण कवायतीचा माणूस वेळेआधीच पोचतो. बॅग खांद्याला, हात फाटकाच्या कडीवर. जावई धावत सुटला. "बाबा, नको!" हे सुचायला हवं होतं, पण तोंडातून शाळेतली आरोळीच निघाली. "एक साथ, थांब!"

सासरे जागच्या जागी खिळले. झाडाला मात्र कवायत शिकवलेली नव्हती. अर्ध्या उघडलेल्या फाटकावर ते सावकाश आडवं झालं. मुळांचा चिखल जावयाच्या अंगावर, शेंडा सासऱ्यांच्या बुटांवर.

सासऱ्यांनी वाकून मुळं चाचपली, मग दोरी बघितली, मग जावयाला.

"पाणी रोज?"

"दोनदा," जावई पुटपुटला. "शेवटी शेवटी तीनदा. वाटलं, बिचारं संकोचाने मागत नसेल."

सासरे बराच वेळ झाडाकडे बघत राहिले. त्यांच्या रिकाम्या घरात कित्येक दिवसांत त्यांना कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मग त्यांनी झाड ओलांडलं आणि बॅग जावयाच्या हातात दिली.

"माझी खोली कुठली? आणि हे बघा जावईबापू, मला चहा दोनदाच. तिसऱ्यांदा विचारलंत तर मीही आडवा होईन."