सरळ दाखवणारी दुर्बीण

"मला फसवणारा दुकानदार अजून नारीन शहरात जन्माला यायचाय!" शनिवारी सकाळी चहाचा वाडगा खाली ठेवत शर्शेनालीनं जाहीर केलं, आणि त्याच्या बायकोनं, बुरूलकाननं, तेव्हाच कपाळाला हात लावला.

शर्शेनाली लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून "उजवीकडे! उजवीकडे म्हटलं ना!" असं ओरडून त्याचा आवाज घोगरा झाला होता, आणि जगातलं सगळं आपल्यालाच कळतं हा समज पक्का. त्याची मुलगी जिर्गाल दहा वर्षांची होत होती. फ्रॉक नको, फोन नको, तिला दुर्बीण हवी होती. चंद्र बघायचा होता. हे ऐकून सासरेबुवा म्हणाले, "मी घेऊन देतो. जावयाच्या खिशाला नाही झेपायचं." झालं! आता प्रश्न नुसत्या दुर्बिणीचा राहिला नाही. रविवारी म्हातारा जेवायला येणार, त्याच्या आत ती अंगणात उभी पाहिजे. आणि पाच हजार सोमच्या वर एक सोम जाता कामा नये!

"अता, मी येऊ बाजारात?" जिर्गालनं बापाला विचारलं. "मी वाचनालयात वाचलंय, दुर्बिणीत ना—"

"वाचून समजत असतं तर माझ्याकडे गाडी शिकायला कोण आलं असतं? तू घरी बस. मी आणतो ती बघ फक्त!"

बाजारात मुकाश नावाचा माणूस गळ, थर्मास, शिकाऱ्यांच्या टोप्या असलं काहीबाही विकायचा. त्याच्याकडे दुर्बिणी होत्या बरोब्बर तीन. त्यातली आखूड, जाडजूड, पिंपासारखी दिसणारी शर्शेनालीनं तासभर घासाघीस करून चार हजार आठशेला उचलली आणि लग्नाची वरात निघावी तसा घरी आला.

जिर्गाल वाचनालयात गेली होती. तेवढ्यात तपासून बघावी म्हणून त्यानं अंगणातून समोरच्या डोंगरावर नळी रोखली. एक घोडा दिसला. घोडा चारी पाय आभाळात करून गवत खात होता!

त्यानं डोळे चोळले. नळी फिरवली. घोडा आडवा झाला, उभा काही होईना. मग त्यानं स्वतःच ओणवं होऊन, मान वाकडी करून, खालून वर बघायचा प्रयत्न केला. नेमकी तेव्हाच शेजारच्या सायरागुल एजेनं, अख्ख्या गल्लीच्या थोरल्या ताईनं, कुंपणावरून डोकं काढलं.

"अगं बाई! शर्शेनाली, पाठ धरली का रे?"

"नाही एजे, घोडा बघतोय."

"असाच बघतोस घोडा? थांब, हलू नकोस! मेंढीची चरबी आणते चोळायला."

चरबी यायच्या आत तो दुर्बीण काखोटीला मारून बाजारात पोचलासुद्धा!

"मुकाश! उलटी दुर्बीण विकतोस? मला?"

"उलटी कशी असेल? दाखवा बाइके," थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणत मुकाशनं आत बघितलं. समोर वाळक्या दह्याच्या गोळ्या विकणारी बाई खाली डोकं, वर पाय करून बसली होती आणि तिच्या टोपलीतली एक गोळीही पडत नव्हती. मुकाशचा जबडा लोंबला. त्यानं आजवर एकाही दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. "बिश्केकहून निघाल्या तेव्हा सरळ होत्या हो! घाटात आदळल्या असणार!"

पाहता पाहता गर्दी जमली. कुणी म्हणे काच फिरवा, कुणी म्हणे उन्हात ठेवा. ओसमोन खाटीक सुरा घेऊन उघडायलाच निघाला. शेवटी मुकाशनं पाचशे जास्त घेऊन दुसरी दिली: लांब, बारीक, टोकाला कोपर वाकल्यासारखी. तिच्यात दहीवाली सरळ दिसली. शर्शेनालीनं सुटकेचा श्वास सोडला आणि बाजाराच्या फाटकाबाहेर येऊन सहज रस्त्यावर नळी वळवली.

आणि हे काय! उजव्या बाजूनं चालायच्या गाड्या सगळ्याच्या सगळ्या डाव्या बाजूनं पळत होत्या!

"अरे उजवीकडे! उजवीकडे घ्या! मराल!" बावीस वर्षांचा आवाज, तो काही कुणाला विचारून बाहेर पडत नाही. एक टॅक्सीवाला दचकला, करकचून ब्रेक लागला, मागचा त्याला धडकता धडकता राहिला. त्यातला एक जण पूर्वी शर्शेनालीकडेच शिकलेला.

"बाइके, तब्येत बरी आहे ना? सायरागुल एजे सांगत होत्या, पाठीचं डोक्यात गेलं म्हणून."

शर्शेनालीनं नळीवरून डोळा काढून पाहिलं. गाड्या उजवीकडेच होत्या. पुन्हा डोळा लावला, डावीकडे! दुकानाची पाटी वाचायला गेला तर अक्षरं आरशात बघितल्यासारखी. ज्या यंत्राला डावं-उजवं कळत नाही त्याला त्यानं आयुष्यात लायसन्स दिलं नसतं. तो पाय आपटत परत आत गेला.

"तिसरी काढ!"

"ती शिकाऱ्यांची आहे बाइके. सात हजार."

"सरळ दाखवते?"

"अगदी तुमच्यासारखी सरळ."

हिवाळी टायरसाठी ठेवलेल्या पैशांत हात घालून त्यानं वरची रक्कम भरली. घोडा पायांवर, गाड्या उजवीकडे, पाटी वाचता येते! घरी येऊन त्यानं ती जिर्गालच्या हातात ठेवली आणि टाळ्यांची वाट पाहत उभा राहिला.

जिर्गालनं ती उलटसुलट करून पाहिली. तिचं तोंड एवढंसं झालं. "छान आहे, अता."

"पण?"

"पण ही हरणं बघायची ना? चंद्रावरचे खड्डे बघायला जाडी लागते. आत आरसा असतो तशी."

"जाडी उलटं दाखवते! मी स्वतः पाहिलं!"

"हो, ती उलटंच दाखवते. पुस्तकात आहे. पण आकाशात वर कुठे आणि खाली कुठे? चंद्राला काय फरक पडतो?"

शर्शेनाली ओट्यावर मटकन बसला. "मग आधी का नाही बोललीस?"

"बोलत होते की. तुम्ही म्हणालात, घरी बस."

आत बुरूलकानच्या हातातली भांडी जरा जास्तच वाजली.

रविवारी सकाळी तो मुकाशच्या दुकानासमोर उभा राहिला तेव्हा तिथे रांग लागली होती. मुकाशनं जाडी दुर्बीण खोक्यावर मांडली होती आणि दहा-दहा सोम घेऊन लोकांना उलटी दहीवाली दाखवत होता!

"माझ्याकडे दुर्बिणी तीन, बाइके, आणि तिन्ही तुमच्या हातून गेल्या. आता दुकानच तुमच्याकडे हलवू का?"

"तीच दे. पहिली."

"ती कशी देऊ? चालता धंदा आहे!"

"मुकाश, पोरीचा वाढदिवस आहे रे."

शर्शेनालीनं आयुष्यात कुणाला अशा आवाजात काही मागितलं नव्हतं. मुकाशनं त्याच्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि मान डोलावली. शिकाऱ्यांची परत घेऊन त्यानं जाडी दिली, वर एक सोमही परत केला नाही. सात हजाराला घेतलेल्या वस्तूच्या बदल्यात अठ्ठेचाळीसशेची! "आणि संध्याकाळी मलाही चंद्र दाखवायचा," हे वर.

दिवेलागणीला अर्धा चंद्र डोंगराच्या वर दिसू लागला. जिर्गालनं दोन मिनिटांत नळी लावली आणि अशी किंचाळली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मग सासरेबुवा बसले. बराच वेळ उठेचनात. उठले तेव्हा टोपी नीट करत एवढंच म्हणाले, "जावई, काम केलंस." शर्शेनालीची छाती दोन बोटं वर आली. मग सायरागुल एजे, मग मुकाश, मग मुकाशची बायको, मग अख्खी गल्ली. यजमान म्हणून तो सगळ्यांत शेवटी उभा राहिला, बोर्सोकची, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, परात फिरवत.

त्याचा नंबर लागायला आणि डोंगरामागून ढगांनी डोकं काढायला एकच गाठ पडली. पण सगळे त्याच्याकडेच बघत होते, सासरासुद्धा! तो बसला. डोळा लावला. काळाकुट्ट अंधार.

"दिसतंय का काही?" सासऱ्यानं विचारलं.

"वा! वा!" शर्शेनाली म्हणाला. "काय ते खड्डे! काय ते डोंगर! पैसे वसूल!"

जिर्गाल त्याच्या कानाशी वाकली.

"अता," ती हळूच म्हणाली, "ढग आले म्हणून मी झाकण लावलंय."