आत्याले विचारतो

वासुभाऊ रिकाम्या खुर्चीशी बोलायचे. भरदुपारी, सगळ्यांच्या देखत.

राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वर आमचं ऑफिस. वेबसाइट आणि मोबाइलची ॲप बनवायचं काम. कोड मी लिहायची. स्क्रीनवर कुठं काय असावं, बटण केवढं, अक्षर केवढं, हे वासुभाऊ ठरवायचे. पन्नाशीचा माणूस, शर्टाची गळ्याची गुंडीसुद्धा लावलेली. नवीन स्क्रीन तयार झाली, की "थांब, आत्याले विचारतो," म्हणत खिडकीजवळच्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीपुढे उकिडवे बसायचे. मोबाइल सीटवर ठेवायचे. "आत्या, पाय बरं. आता काय दाबशीन?"

मग थांबायचे. कान देऊन ऐकायचे. मान डोलवायचे. "शबाना, आत्या म्हणते, मांगं जाचं कुठून? बटन दिसून नाही राहिलं तिले."

मी नवीन होते, मला हसू यायचं. एकदा म्हटलं, "आत्यालाही चहा सांगू का?" तर गंभीरपणे म्हणाले, "नोको. तिले बिनदुधाचा लागते." अहो, अंगावर काटाच आला माझ्या!

त्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही. उन्हाळ्यात कूलरचं तोंडही तिकडंच. आम्ही घामानं चिंब आणि खुर्ची गारेगार! पण खरी चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. आत्याचं चुकायचंच नाही. दर्यापूरच्या एका बियाणेवाल्याची वेबसाइट केली, तर आत्याला जिथं अडलं तिथंच त्याची गिऱ्हाइकं अडली.

एकदा वासुभाऊ रजेवर होते. मी गंमत म्हणून मोबाइल त्या सीटवर ठेवला. "बोला आत्याबाई, काय अडलं?" लाइट गेलेली, कूलर बंद, खालचा क्लासही चिडीचूप. मी थांबले. आणि या अल्ला! एकदम लक्षात आलं, कीबोर्ड वर आला की 'पुढे'चं बटण त्याच्याखाली झाकलं जातं. मलाच सुचलं, असं मी सगळ्यांना सांगते. पण खुर्चीकडं पाठ न करता खोलीबाहेर आले, हेही खरं.

मग ते फवारणीचं काम आलं. कपाशीच्या पऱ्हाटीवर औषध मारता मारता माणसं विषबाधेनं पडत होती, त्या वर्षांतली गोष्ट. अकोल्याच्या एका संस्थेला ॲप हवं होतं: शेतात कोणी पडलं, तर घरच्यांनी त्यावरून दवाखान्याची गाडी बोलवायची. संस्थेच्या साहेबांचं म्हणणं, आधी नाव, गाव, नंबर, मग पासवर्ड, मग मदत. वासुभाऊंनी पहिल्याच स्क्रीनवर एकच लाल बटण ठेवलं, पोळपाटासारखं. दुसरं काही नाही.

साहेब तणतणत आले आणि धप्पकन त्याच खुर्चीत बसले.

वासुभाऊ त्यांच्यापुढे उकिडवे बसले. साहेबांना हवं होतं तसं ॲप उघडून मोबाइल त्यांच्या हातात दिला. "आत्या," ते हळूच म्हणाले, "किसना पडला. तोंडातून फेस येऊन राहिला. लाव फोन."

"अहो, मी..."

"लाव न वं आत्या! डोळे फिरवून राहिला तो!"

साहेब घाईघाईनं टाइप करायला लागले. नाव चुकलं. पासवर्ड चुकला. वासुभाऊ पापणी न हलवता बघत होते, साहेबांकडं नाही, त्यांच्या थोडं मागं. साहेबांनी वळून पाहिलं आणि ताडकन उठले. "राहू द्या. एकच बटण ठेवा." जिन्यावरून ते जवळजवळ पळालेच.

"किसना कोण?" मी विचारलं.

"आत्याचा पोरगा. फोन तिले मीच घेऊन देल्ला होता. चुकून काही दाबलं जाईन म्हनून लॉकही मीच टाकलं. पोरगा वावरात पडला, अन् आत्या लॉक उघडत बसली. उघडलंच नाही. गेला तो."

"आणि आत्या?"

"बार्शीटाकळीले हाय."

"हाय?" मी किंचाळलेच. "म्हणजे जिवंत?"

"तं मेली का? माह्याशी बोलत नाही फक्त. तवापासून." त्यांनी खुर्चीकडं पाहिलं. "इथं बोलते."

मला रडू आलं आणि रागही आला. जिवंत माणूस तिकडं, आणि हे प्लॅस्टिकशी बोलतात! तयार ॲप घेऊन मी त्यांना अक्षरशः ओढत बार्शीटाकळीला नेलं. चाचणीचं ॲप होतं, म्हणून गाडीवाल्याच्या फोन नंबराऐवजी वासुभाऊंचाच नंबर टाकलेला. आम्ही नेहमी तसंच करतो.

वासुभाऊ अंगणातच थांबले. पाय पुढे टाकेनात. मी आत गेले. दाराशी एक वाळलेली म्हातारी शेंगा फोडत बसली होती. जिवंत आहे हे माहीत असूनही मी आधी तिची सावली पडते का ते पाहिलं. "आत्या, हे जरा बघता का?" मी मोबाइल पुढे केला.

ती बघत राहिली. मोबाइलला हात लावायला तिचं मन होईना, हे मला दिसत होतं. मग लुगड्याला अंगठा पुसला, मोबाइल हातात घेतला आणि अंगठा त्या लाल बटणावर टेकवला.

अंगणात फोन वाजला.

"आत्या?" वासुभाऊंचा आवाज दारातूनही आला आणि तिच्या हातातूनही. "मी वासू. लागला का वं फोन?"

तिनं मोबाइल कानाशी धरला.

"लागला," ती म्हणाली. "उनात काहून उभा हायस बावा? आत ये."